तीनशे चाळीसपैकी तीनशे सहा

माझा पहिला निकाल आला तेव्हा आप्पा मागावर होते. पॉवरलूमच्या खडखडाटात साधं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आमच्या घरात महत्त्वाच्या गोष्टी ओरडूनच सांगितल्या जातात. मी दारातूनच ओरडले, "आप्पा, तीनशे सहा!"

त्यांनी माग बंद केला, खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं आणि विचारलं, "कितीपैकी?"

"तीनशे चाळीस."

ते थोडा वेळ छताकडे बघत राहिले. सुत गुंडाळलेल्या एका बीमात किती साड्या निघतील याचा हिशोबही ते असाच छताकडे बघून करत. मग म्हणाले, "म्हंजे नव्वद टक्के. बरोब्बर नव्वद."

"तसं नसतं आप्पा. या परीक्षेत मार्क शून्यापासून सुरू होत नाहीत, दोनशे साठपासून होतात. सगळं चुकलं तरी दोनशे साठ असतातच."

"मग ते बी तुझेच की. पेपराला कोण बसलतं? मी?"

संध्याकाळी ते खडेबाजारात गेले आणि खव्याचा कुंदा घेऊन आले. वडगावातल्या आमच्या गल्लीत प्रत्येक दारात जाऊन त्यांनी एकच वाक्य म्हटलं, "मंजूला तीनशे सहा पडले, नव्वद टक्के, अमेरिकेच्या परीक्षेत." त्यांचे धाकटे भाऊ, यमनाप्पा काका, कुंद्याचा डबा धरून बरोबर होते. त्यांचे आणि आमचे माग एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. चौथ्या-पाचव्या दारापाशी आप्पांना दम लागला, तेव्हा उरलेलं वाक्य काकांनी पूर्ण केलं आणि मग पुढच्या सगळ्या दारांत तेच म्हणत गेले. त्यानंतर कितीतरी दिवस काका मला नावानं हाक मारत नव्हते. "काय तीनशे सहा, चहा घेतलीस का?" असंच चालायचं.

मी इचलकरंजीला टेक्स्टाइल इंजिनिअरिंग केलं आणि निपाणीकडच्या एका सूतगिरणीच्या प्रयोगशाळेत कामाला लागले. सूत ताणायचं, ते कुठल्या ताणाला तुटतं ते नोंदवायचं, हे माझं काम. का तुटतं, हे शिकायला पुढं जायचं होतं. अमेरिकेतली तीन विद्यापीठं निवडली होती. त्यांना जीआरईचे गुण पाठवावे लागतात. ही परीक्षा पुन्हा देता येते आणि पाठवताना आपण निवडायचं असतं: पहिल्या वेळचे गुण पाठवायचे, दुसऱ्या वेळचे, की सगळेच. जे पाठवले नाहीत ते होते हेसुद्धा कॉलेजला कळत नाही.

माझ्याआधी तिकडे गेलेल्या एका मैत्रिणीनं स्पष्ट सांगितलं होतं, तीनशे सहावर दोन ठिकाणी तुझा अर्ज कुणी वाचणारही नाही, तिसऱ्या ठिकाणी नशीब. म्हणून मी नोव्हेंबरात पुन्हा परीक्षेला बसायचं ठरवलं, पुण्याच्या केंद्रावर.

तोवर आप्पांचं हृदय थकलं होतं. मागावर उभं राहणं बंद झालं होतं. पुढच्या खोलीत खुर्ची टाकून ते बसून राहत. परत परीक्षा देते म्हटल्यावर त्यांना खरंच कळेना.

"नव्वदला काय झालं?"

"थोडे वाढले तर बरं होईल."

"वाढल्यावर काय, कॉलेजवाले हत्तीवरनं साखर वाटणार हाईत?" मग खोकत हसले. "जा. पर एक ध्यानात ठेव. निकाल आधी मला, कॉलेजला मागनं."

मी कबूल केलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी केंद्राच्या जिन्यात उभी राहून मी आप्पांच्या फोनवर फोन केला. आत गेल्यावर फोन कपाटात ठेवावा लागतो. फोन आईनं उचलला.

"पोचलीस? काय खाल्लीस का?"

"खाल्लं. आप्पांना दे."

"झोपलेत," आई म्हणाली. "रात्री झोप न्हवती, आता लागलीय. उठवत न्हाय. तू जा आत, शांतपणे लिही."

आवाज अगदी साधा होता. गॅसवर दूध ठेवून बोलत असावी तसा. फक्त एक गोष्ट मला जाणवली. फोनमधून मागांचा आवाज येत नव्हता. आमच्या गल्लीत सकाळी घरात कुणी बोललं तरी त्यामागे तो आवाज असतोच. लाइट गेली असेल, असं मला वाटलं. मी फोन बंद केला आणि आत गेले.

इतका सोपा पेपर मी कधी लिहिला नव्हता. शेवटचं उत्तर दिल्यावर पडद्यावर गुण आले, तीनशे पंचवीस. पुढं पडद्यानं विचारलं की हे गुण कोणत्या कॉलेजांना पाठवायचे. तिथल्या तिथं पाठवले तर वेगळे पैसे पडत नाहीत, हे मला माहीत होतं. पण आधी आप्पा, मागनं कॉलेज. मी तो भाग रिकामा सोडून बाहेर आले.

फोन सुरू केला आणि आप्पांना लावला. यमनाप्पा काकांनी उचलला.

"काका, तीनशे पंचवीस! आप्पांना द्या."

ते उठून कुठंतरी बाजूला गेले, पावलं ऐकू आली. मग म्हणाले, "खाली एक पांढरी गाडी हाय बघ, आपल्या शहापूरचा पोरगा हाय चालवायला. त्यात बस आणि ये."

"गाडी कशाला? मी बसनं येते की. आप्पांना सांगा तरी."

"सांगतो गं," काका म्हणाले. "सांगतो."

गाडीत बसल्यावर मी दोनदा फोन केला, कुणी उचलला नाही. खंबाटकी घाट उतरल्यावर मी ड्रायव्हरला म्हटलं, कुठं तरी चहाला थांबवा. तो आरशात न बघता म्हणाला, "नको ताई. लोकं थांबल्यात."

एवढ्यावरून मला कळलं.

गल्लीत शिरले तेव्हा ऊन उतरत आलं होतं आणि एकही माग चालू नव्हता. विणकराच्या घरात माणूस गेलं की उचलून नेईपर्यंत गल्लीतले सगळे माग बंद राहतात. लहानपणापासून मी हे बघत आले आहे. त्या शांततेत शाळेला गेले आहे, त्या शांततेत अभ्यास केला आहे. आणि सकाळी मला वाटलं, लाइट गेली.

आप्पा पहाटे गेले होते. आईनं सगळ्यांना बजावलं होतं की मंजूचा पेपर होईपर्यंत तिला कुणी कळवायचं नाही. माझा फोन आला तेव्हा बाहेर माणसं जमली होती.

गुणाबाई आत्यानं, आप्पांच्या थोरल्या बहिणीनं, मला मिठी मारली आणि आईकडे बघून म्हणाली, "परक्यासारखी आली की गं लेक, सगळ्यात शेवटी. बापाच्या मरणापरीस पेपर मोठा झाला ह्या बाईला." आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान वर केली नाही.

मी आप्पांच्या कानाशी वाकले. निकाल आधी त्यांना सांगायचा होता. पण इतक्या माणसांत आकडा उच्चारायला मला जमलं नाही.

दहाव्याला आम्ही खानापूरला नदीवर गेलो. आई घरीच राहिली. आमच्याकडे बायकोनं तिथं जायचं नसतं. निघताना तिनं यमनाप्पा काकांना दारात थांबवलं.

"भावजी, कावळा शिवला न्हाय तर एक सांगा त्यास्नी. मंजूचा आकडा सांगा. तीनशे पंचवीस. ते ऐकायचं राहिलंय त्यांचं."

"सांगतो वैनी."

"विसरू नका."

"वैनी, मी विसरंन व्हय?"

पिंड ठेवले आणि आम्ही मागे सरकून उभे राहिलो. पलीकडच्या झाडावर कावळे होते. एक दोन खाली उतरले, पिंडाभोवती फिरले आणि परत वर गेले. भटजी घड्याळ बघायला लागले. अशा वेळी जे करतात ते सुरू झालं. गेलेल्या माणसाचं काय राहिलं असेल ते ज्यानं त्यानं ओळखायचं आणि मोठ्यानं वचन द्यायचं.

काका पुढं झाले. "दादा, वैनीला काय कमी पडू देणार न्हाय." कावळे जागचे हलले नाहीत. "माग बंद पडू देणार न्हाय, दादा. माझ्याबरोबर तुझे बी चालवतो." काही नाही.

आत्या म्हणाली, "मंजूचं लगीन मी जमवते रं. चांगलं घर बघते. जा आता."

एक कावळा झाडावरून उठला आणि नदीपार गेला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "लगीन नको म्हणत्यात." दोघं तिघं हसले आणि गप्प झाले. भटजी दर्भाचा कावळा करायला वाकले.

तेव्हा काकांना आईचं सांगणं आठवलं असावं. ते एकदम पुढं गेले, दोन्ही हात जोडले आणि मागाच्या आवाजावर चढवतात तसा आवाज चढवून ओरडले, "दादा! मंजूचा निकाल लागला! तीनशे सहा पडले! नव्वद टक्के!"

कावळा सरळ खाली आला. इकडं तिकडं न बघता पिंडाला चोच लावली, भाताचं मोठं ढेकूळ उचललं आणि गेला.

आत्या मोठ्यानं रडली. सगळ्यांनी हात जोडले. काका माझ्याकडे वळून डोळे पुसत होते आणि हसत होते. आपण काय म्हणालो, हे त्यांना कळलंच नव्हतं.

मी कावळ्यावर विश्वास ठेवत नाही. भूक लागलेला पक्षी होता, माणसं थोडी मागं सरली होती, तो आला. हे मला तेव्हाही कळत होतं आणि आताही कळतं. तरी परत येताना गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. आप्पांपर्यंत पुन्हा त्यांचाच आकडा गेला होता. माझा नवा आकडा तिथंही पोचला नाही.

घरी आल्या आल्या काका म्हणाले, "वैनी, आकडा सांगितला, लगेच शिवला." आईनं डोळे मिटले. त्या दिवशी ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा ताटावर बसली आणि वाढलेला सगळा भात खाल्ला. कुठला आकडा, ते मी सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यांत गुण पाठवायचं पान मी कितीतरी वेळा उघडलं. एकाखाली एक दोन ओळी आणि प्रत्येकीसमोर परीक्षेची तारीख. दुसऱ्या ओळीची तारीख आणि भिंतीवर नुकत्याच लावलेल्या फोटोखालची तारीख एकच होती. कॉलेजला गुण जातात ते या तारखेसकट. तिकडं कुणीतरी ती वाचेल, एक साधी तारीख म्हणून.

पहिल्या ओळीत कुंदा होता, गल्ली होती, दम लागून अर्धं राहिलेलं वाक्य होतं. दुसऱ्या ओळीत काय होतं? आप्पा गेलेले होते आणि मी उत्तरं देत होते, एकामागून एक, बरोबर. मला वाईट वाटत नव्हतं. उलट मला आनंद होत होता. ते दोन तास माझ्या आयुष्यातले चांगले तास होते, आणि ते आठवलं की मी पान बंद करायचे.

दोन्ही ओळी पाठवाव्यात, असंही मनात येऊन गेलं. पण तारीख गेलीच असती. शेवटी मी ठरवलं की पहिली ओळ पाठवायची. दोन कॉलेजं गेली तर गेली. तिसरंही जाईल. निपाणीची नोकरी होतीच.

मुदत संपायला आली तेव्हा एका दुपारी मी पुढच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले. आप्पांची खुर्ची कुणी हलवली नव्हती, म्हणून मी खालीच बसले होते. आई दाराशी चरख्यावर कांड्या भरत होती. काकांच्या मागांना बाण्याच्या, म्हणजे आडव्या सुताच्या कांड्या लागत, त्या ती पुन्हा भरायला लागली होती.

"पाठवलीस का?" तिनं विचारलं.

"पाठवते आता. पहिले."

"पहिले म्हंजे?"

"तीनशे सहा."

चरखा फिरत राहिला. "त्यात हुईल?"

"एका ठिकाणी कदाचित होईल. बहुतेक नाही."

"मग ते का पाठवालीस?"

मी पडद्याकडे बघत म्हटलं, "आप्पांना तेच माहीत होते."

आईनं चरखा थांबवला. बोटावरचा सुताचा फेरा सोडवला. मला वाटलं आता रडेल.

"यमनाप्पा भावजींनी नदीवर जुनाच आकडा सांगितला," ती म्हणाली. "मला ठाव हाय."

मी वळून बघितलं. "तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. तेराव्यानंतर आलते. मागावर असताना एकदम ध्यानात आलं म्हणं, माग तसाच सोडून पळत आले. हितं उंबऱ्यावर बसून रडले लहान पोरागत. वैनी, तोंडात तोच बसलाय, दादानंच बसवला, मी काय करू म्हणं."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? मी म्हटलं, भावजी, चहा घ्या." आईनं पदरानं नाक पुसलं. "शिवला न्हवं कावळा? त्यास्नी तेवढाच आकडा पुरला. जिते असताना बी पुरला हुता. तूच म्हणालीस अजून पाह्यजेत, ते कवा म्हटले?"

मी लॅपटॉपचा पडदा थोडा खाली केला.

"तीनशे सहा त्यांचे," आई म्हणाली. "ते घेऊन गेले ते. ते कॉलेजला कशाला पाठवतीस? आणि दुसरे हाईत ते माझे हाईत मंजू."

"तुझे?"

"तुझा फोन वाजला तवा मी त्यांच्या पायाशी बसलते. पाय गार पडलते. गुणाक्का म्हणत हुत्या, सांग, लेक हाय, सांग तिला. भावजी फोन हातातनं घ्यायला आलते. बाहेर बायकांनी रडायला सुरवात केलती, त्यास्नी मी हात करून गप्प केलं. आणि म्हटलं, झोपलेत." ती थांबली. "बत्तीस वर्सांच्या संसारात मी ह्या माणसाबद्दल एक खोटं बोलले न्हाय. ते एक बोलले. गुणाक्का अजून माझ्याशी धड बोलत न्हाईत. नको बोलूदेत. पर मी ते कशासाठी बोलले? तू जुना कागद पाठवून घरात बसावंस म्हणून?"

तिचा आवाज चढला नव्हता. तिनं चरख्याचा दांडा धरला होता.

"आई, मला ते बघवत नाही," मी म्हणाले. "ती तारीख."

"मला तरी कुठं बघवतीय," ती म्हणाली. "बघू नको. पाठव."

ती पुन्हा कांडी भरायला लागली. मी दुसरी ओळ निवडली. तिन्ही विद्यापीठांची नावं टाकली. पानानं विचारलं, एकदा पाठवल्यावर बदलता येणार नाही, नक्की का? तिथं बोट ठेवून मी आप्पांच्या खुर्चीकडे बघितलं आणि खोलीत ऐकू जाईल इतकंच म्हटलं, "आप्पा, तीनशे पंचवीस." आईनं मान वर केली नाही. कितीपैकी, असं कुणी विचारलं नाही. मी पाठवलं.

तीनशे सहा कुठंही गेले नाहीत.

मी लॅपटॉप मिटला तेव्हा कांड्यांची टोपली भरली होती. आई उठली, गुडघ्यावर हात ठेवून, आणि टोपली काकांकडे देऊन आली. येताना ती माझ्याकडे न बघता आत गेली. मी गेल्यावर या घरात ती एकटी असणार, हे आमच्यापैकी कुणीच अजून म्हटलं नव्हतं. आत भांडं आपटल्याचा आवाज झाला, नळ सुटला, बराच वेळ नुसता वाहत राहिला आणि बंद झाला.

"मंजू," तिनं आतून हाक मारली. "जेवायला ये. भाकरी गार हुतीय."

आवाज अगदी साधा होता. त्या सकाळी होता तसाच. फक्त आज गल्लीतले माग चालू होते.